गिनी मोडण्याआधी: राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं सोन्याचं नाणं ओळखावं कसं, तपासावं कसं आणि विकावं कसं

आत्या गेल्यावर तिच्या कपाटात एक पितळी करंडा सापडला. आत कापसात गुंडाळलेलं सोन्याचं एकच नाणं होतं. सूनमुख बघताना तिच्या सासूने तिच्या हातावर ठेवलेली ही गिनी, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही ती एका पेढीवर नेली. काउंटरवरच्या माणसाने काही विचारायच्या आत तिची कड कसोटीच्या दगडावर ओढली, वजन केलं आणि म्हणाला, "बावीस कॅरेट. मोडीत किती ते सांगतो." त्या दिवशी नाणं परत आणलं, पण कडेवरचा तो ओरखडा कायमचा राहिला. नाण्यावर 1887 साल होतं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला 50 वर्षं झाली त्या वर्षाचं ते नाणं आहे, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

अशी नाणी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आहेत. कुणाच्या लॉकरमध्ये, कुणाच्या हारात कडी लावून, कुणाच्या देव्हाऱ्यात. लग्न, बारसं, वाटणी अशा निमित्ताने ती बाहेर येतात आणि बरीचशी थेट मुशीत जातात. एकदा आटवलं की ते फक्त सोनं उरतं, म्हणून तुमच्या हातातलं नाणं सराफाकडे नेण्याआधी पुढची पाहणी घरीच करा. संध्याकाळचा एखादा तास लागेल.

आधी नावाचा घोळ सोडवू

आपण जिला गिनी म्हणतो ते नाणं बहुतेक वेळा गिनी नसतं. इंग्लंडमध्ये खरी गिनी 1663 ते 1814 या काळात पडली. तिच्यानंतर 1817 मध्ये आलेलं एक पौंडाचं सोन्याचं नाणं म्हणजे सॉव्हरिन. आपल्याकडे नाव मात्र जुनंच चालू राहिलं. 1899 पासून हिंदुस्थानात एक सॉव्हरिन 15 रुपयांना कायदेशीर चलन म्हणून चालत होती. त्यामुळे ती पोस्टाच्या खिडकीपासून सावकाराच्या तिजोरीपर्यंत सगळीकडे फिरली. या लेखात मीही तिला गिनीच म्हणणार आहे, कारण घराघरात तोच शब्द आहे.

तिची मापं पाठ करा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. वजन 7.988 ग्रॅम. व्यास 22.05 मिलिमीटर. जाडी सुमारे 1.52 मिलिमीटर. सोनं 22 कॅरेट, म्हणजे हजारात 916.7 भाग, बाकी मुख्यतः तांबं. आत शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. अर्धी गिनी 3.99 ग्रॅमची आणि 19.3 मिलिमीटर व्यासाची. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी दोन आणि पाच पौंडांची मोठी नाणीही निघाली. दोन पौंडी सुमारे 15.98 ग्रॅम, पाच पौंडी सुमारे 39.94 ग्रॅम. ही दोन घरात निघाली तर लेखातली प्रत्येक सूचना दुप्पट काळजीने पाळा.

पायरी 1: भिंगाखाली चेहरा आणि साल पाहा

नाणं हातात घेताना दोन बोटांनी कडेवर धरा, खाली मऊ टॉवेल अंथरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून पाहा.

1887 च्या महोत्सवी छबीत राणी वयस्क दिसते. डोक्यावरून ओढणी मागे सोडलेली आहे आणि तिच्यावर एक अगदी छोटा मुकुट आहे. हे चित्र शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांचं. तो मुकुट आत्ता घसरेल की काय असा दिसतो म्हणून त्या काळी लोकांनी चित्राची फार थट्टा केली, पण राणी तेवढाच लहान हिऱ्यांचा मुकुट खरोखर वापरत असे. गळ्याखाली जिथे छबी संपते तिथे शिल्पकाराची बारीक आद्याक्षरं जे.ई.बी. शोधा. मागच्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला मारताना दिसतो. हे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कारागिराचं, 1817 पासूनचं. त्याच्या खाली साल आहे आणि सालाच्या उजवीकडे अगदी बारीक बी.पी. ही अक्षरं.

साल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ही महोत्सवी छबी 1887 पासून 1893 पर्यंत चालली. म्हणजे छोटा मुकुट दिसला तरी 1890 चं नाणं सुवर्णमहोत्सवाच्या वर्षातलं नव्हे. उलट, 1887 साल दिसलं म्हणून छबी महोत्सवीच असेल असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या टांकसाळींनी त्या वर्षी राणीच्या तरुणपणीची जुनी छबी असलेली नाणीही पाडली. त्यात केस रिबिनीने बांधलेले आहेत आणि मुकुट नाही. सुवर्णमहोत्सवाचं नाणं म्हणायचं तर साल आणि छबी दोन्ही जुळायला हवीत.

1893 पासून तिसरी छबी आली. त्यात चेहरा अधिक थकलेला, डोक्यावर शोकाचा पदर, शिल्पकार थॉमस ब्रॉक. हिच्या भोवतीच्या लॅटिन मजकुरात शेवटी 'इंड. इम्प.', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, ही अक्षरं आहेत. व्हिक्टोरियाने ती पदवी 1876 मध्येच घेतली होती, पण 1887 च्या गिनीवर ती नाही. महोत्सवी छबीभोवती 'इंड. इम्प.' दिसलं तर ते नाणं तिथेच संशयास्पद समजा.

पायरी 2: टांकसाळीचं अक्षर शोधा

संत जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर, मध्यभागी पाहा. महोत्सवी आणि त्यानंतरच्या छब्यांच्या गिन्यांत तिथे काहीच नसेल तर नाणं लंडनचं. 'एस' असेल तर सिडनीचं, 'एम' असेल तर मेलबर्नचं. 1899 पासून पर्थचं 'पी' आणि पुढच्या राजांच्या काळात ओटावाचं 'सी' आणि प्रिटोरियाचं 'एसए' ही अक्षरंही येतात.

आणि एक अक्षर आपल्या घरचं आहे: 'आय'. पहिल्या महायुद्धात जहाजांची वाहतूक धोक्यात आली, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीला लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा करण्यात आलं आणि फोर्टमधल्या त्या इमारतीत 1918 साल घातलेल्या सुमारे 13 लाख गिन्या पडल्या. त्यावर पाचव्या जॉर्जचा चेहरा आहे. त्याच वर्षी, गिनीचे साचे येईपर्यंत, मुंबईने त्याच वजनाची आणि त्याच कसाची 15 रुपयांची मोहोरही पाडली होती. ती मोहोर गिनीपेक्षा कमी सापडते. 'आय'ची गिनी राजसोहळ्याची नाही, पण महाराष्ट्रातल्या डब्यांत तीही सापडते म्हणून सांगितलं.

लंडनने एकट्या 1887 मध्ये महोत्सवी छबीच्या 11 लाखांहून जास्त गिन्या पाडल्या. त्यामुळे 1887 ची गिनी 'अत्यंत दुर्मिळ' आहे असं सांगून कुणी तुम्हाला ती विकत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

पायरी 3: इतर राजसोहळ्यांशी ताडून पाहा

1897 मध्ये राणीच्या राज्याला 60 वर्षं झाली. पुण्यात त्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, 22 जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. नाण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की लंडनने 1897 साल घातलेली गिनी पाडलीच नाही. त्या वर्षाच्या खऱ्या गिन्या फक्त सिडनीच्या आणि मेलबर्नच्या. तेव्हा पूर्ण गिनीवर 1897 साल आहे आणि अक्षर नाही, तर नाणं खोटं. हीरकमहोत्सवासाठी शाही टांकसाळीने काढलं ते पदक: सोन्यात, चांदीत आणि ब्राँझमध्ये, दोन आकारांत, लहान सुमारे 25 मिलिमीटरचं. त्याच्या एका बाजूला तरुण राणी, दुसऱ्या बाजूला म्हातारी. ते चलन नव्हे, त्यामुळे गिनीची मापं त्याला लावू नका.

सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जून 1902 ला ठरला होता. राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि सोहळा 9 ऑगस्टला झाला. त्यासाठी काढलेल्या खास संचातली नाणी चकचकीत नाहीत, सगळा पृष्ठभाग मंद, दुधाळ दिसतो. पुष्कळांनी ती 'मळलेली' समजून घासली आणि वाया घालवली. सहाव्या जॉर्जच्या 1937 च्या राज्याभिषेकाची सोन्याची नाणी तर फक्त संग्राहकांच्या संचांतच निघाली, 5,501 संच. त्यांची कड सपाट आहे, खाचा नाहीत. कडेला खाचा असलेली 1937 ची गिनी कुणी दाखवली तर हात जोडून निघा. तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक 6 मे 2023 ला झाला. त्याच्या गिनीवर मार्टिन जेनिंग्ज यांनी केलेली मुकुटधारी छबी आहे. ही आजही बाजारात सहज मिळते.

आपल्या राज्याभिषेकाचं सोनं म्हणजे 1674 चा शिवराई होन, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तो घरच्या तराजूवर तपासायची वस्तू नाही. होन समोर आला तर विकत घेऊ नका, विकूही नका, आधी जाणकाराला दाखवा.

पायरी 4: वजन, माप आणि पाणी

स्वयंपाकघरातला भाजी मोजायचा काटा उपयोगाचा नाही. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो. वजन 7.98 किंवा 7.99 यायला हवं. झिजलेली गिनी कमी भरते. चलनात असताना 7.937 ग्रॅमच्या खाली गेलेली गिनी चालत नसे, तेव्हा 7.94 पर्यंतची घट नैसर्गिक समजा. त्याहून खूप कमी असेल तर प्रश्न विचारा. 8 ग्रॅमच्या वर गेली तरीही प्रश्न विचारा. बहुधा कडी जोडताना लावलेली झाळ कडेला राहिलेली असते. मग व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीने, व्यास आणि जाडी मोजा. सोनं इतकं जड आहे की पितळ किंवा तांब्यासारख्या स्वस्त धातूत हेच वजन आणायचं तर नाणं जाड किंवा रुंद करावंच लागतं, त्यामुळे तिन्ही मापं एकत्र जुळवणं भामट्याला अवघड जातं.

आता पाण्याची चाचणी. नाण्याला कसलाही अपाय होत नाही आणि मला ही सगळ्यांत विश्वासाची वाटते.

काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला शिवणकामाचा बारीक दोरा बांधा. नाणं पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही, असं हाताने लटकतं धरा. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खऱ्या गिनीला तो 0.45 किंवा 0.46 येतो. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता: 7.98 भागिले 0.46 म्हणजे 17.3, 0.45 ने भागलं तर 17.7. बावीस कॅरेटला साधारण 17.5 अपेक्षित असते, म्हणून या दोहोंच्या मधे काहीही आलं तरी ठीक. पितळेवर मुलामा असेल तर आकडा 0.9 च्या आसपास जातो आणि लबाडी क्षणात उघडी पडते. घाई करू नका, तीनदा करून पाहा.

अर्ध्या गिनीच्या बाबतीत एक जुनी, मजेशीर पण खरी लबाडी सांगतो. 1887 मध्येच महोत्सवी छबीचं चांदीचं सहा पेन्सचं नाणं निघालं. त्याच्यावर किंमत लिहिलेली नव्हती, मागे अर्ध्या गिनीसारखंच ढालीचं चित्र होतं आणि आकारही जवळपास तेवढाच. लोकांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन अर्धी गिनी म्हणून खपवायला सुरुवात केली. सरकारने ते मागे घेऊन त्याच वर्षी 'सिक्स पेन्स' असं ठळक लिहिलेलं नवीन चित्र आणलं. मुलामा दिलेली ती नाणी अजूनही सापडतात. वजन करा. अर्धी गिनी चार ग्रॅमच्या जवळ भरते, ते चांदीचं नाणं तीन ग्रॅमच्याही खाली.

पायरी 5: सोनं खरं, नाणं खोटं

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. सराफाच्या कॅरेट मीटरने 91.6 दाखवलं की गिनी खरी, असं आपण धरून चालतो. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत आणि लेबनॉनसारख्या पश्चिम आशियातल्या देशांत खऱ्या सोन्याच्या खोट्या गिन्या मोठ्या संख्येने पडल्या, कारण गिनीला सोन्यापेक्षा बराच जास्त भाव मिळत असे. लंडनने 1957 मध्ये गिन्या पुन्हा पाडायला घेतल्या, त्यामागे हे एक कारण होतं. शिवाय आपले सोनारही हारासाठी राणीच्या छबीचे बावीस कॅरेटचे तुकडे करत आले आहेत. ते कुणाला फसवायला केलेले नसतात, पण दोन पिढ्यांनी ते अस्सल नाणं म्हणून पुढे येतात.

भिंगाने काय पाहायचं? अक्षरांच्या कडा. खऱ्या नाण्यात त्या धारदार असतात, ओतीव किंवा नकली साच्यातल्या साबणासारख्या गुळगुळीत. सपाट भागावर वर आलेले बारीक दाणे आहेत का ते पाहा. खरचटल्याची खूण खोल जाते, वर येत नाही. ड्रॅगनचे पंख, घोड्याची आयाळ, संत जॉर्जच्या शिरस्त्राणाचा पट्टा नीट सुटे दिसतात का? कडेच्या खाचा सर्वत्र सारख्या अंतरावर आहेत का? शाही टांकसाळीच्या नाण्याचे स्पष्ट फोटो समोर ठेवून एकेक भाग ताडा. अशा खोट्या नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या सोन्याची किंमत. बुडालात असं होत नाही, पण संग्राहकाचा भाव द्यायचा किंवा मागायचा नाही.

मन साशंक राहिलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, डोळे तयार करायला ते उत्तम. पुण्या-मुंबईत नाणेसंग्राहकांची प्रदर्शनं भरतात. तिथले जुने संग्राहक हौसेने सांगतात. महागाच्या नाण्यासाठी एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांचं सीलबंद प्रमाणपत्र घेता येतं, पण साध्या 1887 च्या गिनीवर तो खर्च मी करणार नाही.

पायरी 6: किंमत काढा

शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. समजा 24 कॅरेटचा भाव 10 ग्रॅमला 1,00,000 रुपये आहे, तर गिनीतल्या सोन्याची किंमत 73,200. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि मगच पेढीवर जा. दागिन्याच्या मोडीत घट, झाळ, डाग अशी वजावट होते. अख्ख्या गिनीत झाळ नसते आणि तिचा कस ठरलेला असतो, तेव्हा ती वजावट मान्य करू नका. कड कसोटीवर ओढायची नाही हे नाणं काउंटरवर ठेवण्याआधी स्पष्ट सांगा. मशीनवर तपासा म्हणा.

सोन्यापेक्षा जास्त किती, हे नाण्याच्या अवस्थेवर ठरतं. कडी लावलेली, झाळ काढलेली, घासून चकचकीत केलेली गिनी सोन्याच्या भावाची. राणीच्या ओढणीवरचं बारीक काम अजून दिसतं, पृष्ठभाग अस्पर्श आहे, अशी गिनी संग्राहक काही टक्के वर घेतो. पाच पौंडीची गोष्ट वेगळी. 1887 मध्ये ती सुमारे 54 हजारच पडली, तिला मोडीचा भाव विचारूसुद्धा नका.

म्हणून स्वच्छता: करू नका. रिठा नको, चिंच नको, दातांची पेस्ट नको, तेजाब तर नकोच. कोमट पाण्यात बुडवून मऊ कपड्याने टिपलं, एवढं पुरे. लालसर ठिपके दिसतात ते मिश्रणातल्या तांब्याचे.

पायरी 7: कायदा आणि कर

100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. घरात ठेवणं आणि देशात विकणं यात अडचण नाही, मात्र त्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. देशाबाहेर नेणं खासगी माणसाला कायद्याने मना आहे. अमेरिकेतल्या मुलीला आजीची आठवण म्हणून बॅगेत 1887 ची गिनी देऊ नका, विमानतळावर ती जप्त होऊ शकते. शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात नाणी सापडली तर 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

परदेशातून येताना उलट बाजू: सोन्याच्या दागिन्यांना मिळणारी करमुक्त सवलत नाण्यांना लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र एक फायदा आहे. 1837 नंतरच्या गिन्या तिथे आजही कायदेशीर चलन असल्याने विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

भारतात वारशाने आलेली गिनी विकली तर मूळ मालकाचा काळ धरला जातो, म्हणून ती दीर्घ मुदतीची ठरते. 23 जुलै 2024 पासून त्या नफ्यावर 12.5 टक्के दर आहे. नाणं 2001 च्या आधीपासून घरात असेल तर 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा कागद घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेऊ नका, कायद्याने बंदी आहे.

नवीन विकत घेणार असाल तर

2023 च्या राज्याभिषेकाच्या नावाने ऑनलाइन शेकडो 'सोनेरी नाणी' विकली जातात. वर्णनात वजन आणि कस हे दोन आकडे शोधा. 'सोन्याचा मुलामा', 'लेअर्ड', '24 कॅरेट प्लेटेड' असं असेल तर ते पितळ किंवा तांबं. राजाच्या छबीच्या पाच पौंडांच्या साध्या नाण्यात सोनं मुळीच नसतं. ते तांबं-निकेलचं असतं आणि सुंदर असतं, पण सोन्याच्या भावात घ्यायचं नाही. हरियाणातल्या एमएमटीसी-पॅम्प या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीत 2013 पासून शाही टांकसाळीच्या परवान्याने भारतात गिन्या पडल्या, त्यांवरही 'आय' हे अक्षर आहे. खरेदीत 3 टक्के जीएसटी धरा आणि पक्कं बिल घ्या.

ठेवायला 22 मिलिमीटरची कडक पारदर्शक डबी मिळते, ती घ्या. मऊ प्लास्टिकचे चिकट होणारे पाकीट, रबर, सेलोटेप नको.

डबीसोबत एक चिठ्ठी ठेवा. आमच्या चिठ्ठीत लिहिलंय: गिनी, 1887, महोत्सवी छबी, लंडन, वजन 7.97, पाण्यात 0.46, कडेला एक ओरखडा, आत्याच्या सासूने सूनमुखाला दिलेली. पुढे कुणी हा करंडा उघडेल तेव्हा त्याला पेढीवर जायच्या आधी हे वाचायला मिळेल.